सोलापूरच्या तालमीतलं लिंबू

एस.टी.नं सांगोला सोडलं आणि मी खिडकीतून झाडं शोधायला लागलो. आम्हा कुडाळकडच्या माणसांना झाड दिसलं नाही की अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं. सगळीकडे सपाट जमीन, मेंढरं आणि वर भलंमोठं आभाळ. श्रावण चालू होता, म्हणून शेजारच्या बाईंना विचारलं, "इथे पाऊस कधी येतो?"

"आला की कळंल की. लपून येतोय व्हय?" त्या म्हणाल्या. अख्खी गाडी हसली. मीही हसलो.

मी काही हिंडायला निघालो नव्हतो. आमच्या गावात दसऱ्याला पालखीपुढे दांडपट्टा खेळतात. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोळ आणि तिला जोडलेलं लांब, लवचीक पातं. खेळाच्या शेवटी समोरच्या माणसाच्या तळहातावरचं लिंबू त्या पात्यानं कापायचं, मगच पालखी उचलायची. हा मान आबांचा. मी सातवीतून शाळा सोडली तेव्हा ज्यांनी मला मल्लखांबावर चढवलं, हातात लाठी दिली, तेच हे आबा. गेल्या दसऱ्याला त्यांचा हात थरथरला आणि लिंबू न कापताच पालखी निघाली. वर्षभर गावाला ते बोचत होतं. सोलापूरला त्यांचे जुने मित्र मल्लप्पा वस्ताद तालीम चालवत. आबांनी मला तिकडे धाडलं. "शिकान ये," एवढंच म्हणाले. "आणि थंय भात गावाचो नाय, रडा नको." (तिथे भात मिळायचा नाही.)

स्टँडबाहेर टांगेवाल्यानं विचारलं, "कां जाना?"

"तालमीत."

त्यानं मला वरून खाली पाहिलं. "जाओ मियाँ. आते वखत पैचानूंगा नै मैं तुमना."

तालीम एका गल्लीच्या टोकाला होती. दोन्ही बाजूंना माग चालू, खटाक खटाक असा आवाज दिवसभर. आत गेल्यावर मात्र मला जत्रेत आल्यासारखं झालं. एका कोपऱ्यात मल्लखांब, मधे हौद (कुस्तीचा लाल मातीचा आखाडा), पलीकडे लाठ्यांची ठकठक. आणि भिंतीशी गिरणीतला टाकाऊ कापूस भरलेल्या गोणपाटांवर पोरं आपणहून धडाधड पडत होती. लष्करातून परतलेले एक फौजी मास्तर तिथे ज्युदो शिकवत. त्यांचं नि वस्तादांचं रोजचं भांडण ठरलेलं.

"पडायला मास्तर कशाला लागतोय?" वस्ताद म्हणायचे.

"तुमची पोरं पडली की उठत न्हाईत, म्हणून लागतोय," फौजी म्हणायचे, आणि मग दोघं एकाच किटलीतला चहा प्यायचे.

मी आबांचं नाव सांगून पाया पडलो. वस्तादांचं वय झालेलं, पण मान अजून खांबासारखी. "ऊट आयता?" त्यांनी विचारलं (जेवलास का). मी नुसता बघत राहिलो, तर म्हणाले, "म्हंजे न्हाय." ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि दही आलं. पहिल्या घासाला घरचा भात आठवला. दुसऱ्या घासाला चटणीनं डोळ्यांत पाणी आणलं, ते बरंच झालं. रडतोय हे कोणाला कळलं नाही.

"पट्टा मागून मिळत न्हाई," जेवण झाल्यावर वस्ताद म्हणाले. "आदी समदं शिकायचं. दुसऱ्याचं अंग कळल्याबिगर पातं हातात देत न्हाय मी."

सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मल्लखांब, मग कुस्ती. मल्लखांबावर मी खूश होतो. अंग सरकावं म्हणून खांबाला एरंडेल लावतात, तेही आबांच्या हाताखाली हजारदा केलेलं. चांगलं दिसावं म्हणून मी जरा जास्तच चोळलं आणि वेलीसारखा खांबाभोवती फिरलो. दोघांचौघांनी वाहवा केली. त्याच भरात वस्तादांनी बोलावलं तसा हौदात उतरलो.

समोर नरसय्या. विणकराच्या घरचा, माझ्याहून दीडपट. त्याचं मराठी तेलुगू चालीचं आणि हात फळीसारखे. त्यानं मान धरली, सुटली. दंड धरला, सुटला. कंबर धरायला गेला आणि स्वतःच तोल जाऊन पालथा पडला. मी त्याच्या पाठीवर बसलो. आयुष्यातली पहिली कुस्ती मी जिंकली होती! इकडे तिकडे पाहिलं, तर कोणी टाळी वाजवेना.

वस्ताद हौदात आले. माझ्या खांद्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"एरंडेल."

तेव्हा मला कळलं. कुस्तीत अंगाला तेल लावून उतरणं म्हणजे सरळसरळ लबाडी. हौदात जाण्याआधी अंग पुसून माती चोळायची असते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या गावात हौदच नाही. मल्लखांबावरून उतरलो की आम्ही थेट विहिरीवर जातो. हे सांगायला मी तोंड उघडलं.

"कोकणातला मासा हाय की रे!" कोणीतरी ओरडलं. नरसय्या हसला नाही. पाठीवरची माती झटकून निघून गेला.

वस्तादांनी बाकीच्यांना विचारलं, "ह्याला माती लाव म्हणून कुणी सांगितलं हुतं?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "म्हंजे मी बी न्हाय सांगितलं. जावा कामाला." मला मात्र फावडं दिलं. हौद खणायचा, ढेकळं फोडायची, त्यात ताक, हळद आणि तेल मिसळायचं. मातीत तेल चालतं, अंगाला नाही! त्या शिक्षेबद्दल मी वस्तादांचे आजवर उपकार मानतो. ती माती माझ्या नखांत बसली आणि मी तिथला झालो.

पुढे मी स्वतःच नरसय्याला हाक मारली, डोक्यापासून पायापर्यंत माती चोळून. त्यानं मला इतक्या पटकन चीत केलं की आभाळ आधी दिसलं आणि आपटल्याचं मागून कळलं.

"आता कसं, धरायला माणूस हाय," तो म्हणाला, आणि मला घरी जेवायला घेऊन गेला. त्याच्या आईनं आंबट पप्पू (डाळ) आणि चक्क भात वाढला. मी किती खाल्ला ते लिहीत नाही. जेवताना ती माउली मुलाचे हात बघत होती. "तुमची तालीम बरी हाय," ती म्हणाली, "पर ह्याचं बोट मोडलं तर तुटलेला धागा कोण जोडणार? माग थांबला की घर थांबतं."

भाद्रपद लागला तेव्हा वस्तादांनी पट्टा दिला. हळूहळू हात बसला. लिंबं दगडावर कापली, विटेवर कापली. दसरा जवळ आला तसा मी भोंग्याआधीच उठून पट्टा फिरवायला लागलो. दगडावर कापलेलं लिंबू सरबताला, असं वस्ताद म्हणायचे. त्यांच्या तालमीची रीत वेगळी. शिकणाऱ्यानं पट्टा चढवून हौदाच्या काठाशी उभं राहायचं. कोणाला विचारायचं नाही, विनवायचं नाही. ज्याला विश्वास वाटेल त्यानं आपणहून यायचं आणि हात पुढे करायचा. कोणी आलं नाही, तर शिक्षण अपुरं.

निघायच्या आदल्या सकाळी मी उभा राहिलो. लिंबू कट्ट्यावर. कोणी हलेना. एरंडेलवाल्यापुढे कोण हात धरणार? भोंगा झाला. फौजींनी घसा खाकरला. आबांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात नरसय्या उठला. मी मान हलवून नको नको म्हणत होतो. मला त्याची आई दिसत होती. तो हौदात वाकला, मूठभर माती घेऊन तळहाताला चोळली.

"हे कशाला?" वस्तादांनी विचारलं.

"लिंबू घसराय नको," तळहातावर लिंबू ठेवत तो म्हणाला. "तेलकट माणसाचं काय सांगावं?"

सगळी तालीम हसली, मीही हसलो, आणि हसता हसता माझा खांदा सैल झाला. पातं फिरलं. लिंबाच्या दोन फोडी झाल्या. वस्तादांनी नरसय्याचा हात उजेडात धरला. तळहातावरच्या मातीवर एकही ओरखडा नव्हता.

"जा आता," ते मला म्हणाले. नरसय्यानं एक फोड तोंडात टाकली आणि वाकडं तोंड केलं.

परतीच्या टांग्यात तोच टांगेवाला होता. त्यानं मला लगेच ओळखलं, याचं मला थोडं वाईट वाटलं. मडक्यात हुग्गी (गव्हाची खीर), जुन्या धडप्यात बांधलेली शेंगांची चटणी आणि फडक्याच्या गाठीत मूठभर लाल माती घेऊन मी गावी उतरलो. सोलापुरात काय पाहिलंस, असं सगळे विचारतात. किल्ला बाहेरून पाहिला, तलाव पाहिला. पण डोळे मिटले की मला नरसय्याचा मातीनं लाल झालेला हात दिसतो. त्याचं अख्खं घर त्या हातावर चालत होतं.

दसऱ्याला पालखीपुढे पट्टा फिरवून थांबलो. लिंबू आणलं गेलं. सगळा गाव माझ्याकडे आणि मी गावाकडे बघत राहिलो. विचारायचं नसतं, हे मी सोलापूरहून शिकून आलो होतो.

आबा पुढे आले. मी फडक्याची गाठ सोडली. त्यांनी माती घेऊन तळहाताला चोळली आणि हात पुढे केला. तो थरथरत होता, त्याच्यावरचं लिंबू डुलत होतं.

"आबा..."

"माझो हात हलता," आबा म्हणाले. "तुझो हलूक नको."

पालखी उचलली तेव्हा एक फोड आबांच्या तळहातावर अजून थरथरत होती. तिच्याखालची लाल माती जशीच्या तशी होती.