काच लावण्याआधी

समुद्रपूरच्या बसस्थानकासमोर फ्रेमवाल्या काकांचे दुकान होते. संगणकावरून फोटो छापण्याचे यंत्र त्यांनी नुकतेच घेतले होते. छापलेल्या फोटोवर ते कोरा कागद ठेवत, ओलाव्याने तो वळला की बदलत, आणि कागद सपाट राहीपर्यंत काच लावत नसत. घाई करणाऱ्याला विचारत, "कच्ची भाकर खातं का गा?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी एक शेतकरी आला. त्याचा एक बैल उन्हाळ्यात मेला होता. त्या बैलाचा फोटो त्याला तोरणाखाली न्यायचा होता.

"काच लाव न भाऊ, उद्या पोळा हाय!"

"आतून वाफ धरते. मंग बैलाचं तोंड दिसन काय तुले?"

"अन् पानी आलं तं?"

"मी येतो."

दुकानात बसून हे ऐकताना मला तो निव्वळ हट्ट वाटला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते खरोखरच आले. सजवलेल्या रांगेत, जोडीतल्या उरलेल्या बैलाशेजारी, शेतकरी बिनकाचेची फ्रेम धरून उभा होता आणि काका तिच्यावर छत्री धरून. पाऊस त्यांच्या पाठीवर पडत होता. कोणासाठी असे थांबणे मला आयुष्यात जमलेले नाही.

पूजा करणारी बाई फोटोला कुंकू लावायला वाकली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "माय, चौकटीले लाव. तो अजून ओला हाय."