गायकवाडांची वही आणि गेलेली सीट

सरकारं बदलतात, पाट्या उतरतात, शिक्के बाद होतात. किस्से मात्र साठतच जातात. घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातल्या एका आमदारांच्या ऑफिसात मी सात वर्षं टायपिस्ट होते. कुठले आमदार ते विचारू नका, मी सांगणार नाही. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. ऑफिस चालवायचे गायकवाड, आणि गायकवाडांना चालवायची त्यांची वही.

मतदारसंघात कोण गेलं, घर कुठे, दहावा कधी, वर्षश्राद्ध कधी, सगळं त्या वहीत. साहेब रोज सकाळी वही बघून भेटीला निघायचे.

एकदा वहीत होतं, 'कदम, बी विंग'. बी विंगमध्ये कदम दोन! साहेबांनी बेल वाजवली, चेहरा पाडला, दार उघडणाऱ्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "कदमांसारखा माणूस पुन्हा होणे नाही!"

समोर कदमच होते. "अजून आहे मी, साहेब. चहा घेणार?"

त्या दिवशी गायकवाडांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं : 'फोटोला हार दिसल्याशिवाय बोलू नये.'

*

आचारसंहिता लागली की पुढाऱ्यांची नावं झाकतात. बाकं, बस स्टॉप, बागेची कमान, सगळीकडे कागद. हे काम पालिकेचं, पण गायकवाडांचा कोणावर विश्वास नाही. ते स्वतः खळीचा डबा घेऊन निघाले आणि साहेबांच्या घराच्या दारावरची पाटीसुद्धा झाकून आले.

संध्याकाळी वहिनींचा फोन. "गायकवाड, निकाल लागेपर्यंत मी कोणाच्या घरात राहतेय?"

त्याच आचारसंहितेत गायकवाडांची अभ्यासिका अडकली. वीस वर्षांत त्यांनी साहेबांकडे मागितलेली ही एकच गोष्ट. त्यांच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोल्या आणि प्रत्येकीत टीव्ही. पोरं पुस्तकं घेऊन एटीएममध्ये जाऊन बसायची, तिथे एसी म्हणून! गायकवाडांची नातही त्यांच्यात. वॉचमन रोज हाकलायचा. जागा मिळाली होती, नकाशा झाला होता. आता जो निवडून येईल त्याचं पत्र लागणार होतं, आणि ते निकालानंतर महिन्याभरात गेलं नाही तर जागा पार्किंगला जाणार होती.

*

समोरच्या पक्षाच्या मॅडम साहेबांपेक्षा चांगल्या वीस वर्षांनी लहान. एका गल्लीच्या तोंडाशी दोन्ही प्रचारफेऱ्या समोरासमोर आल्या. ढोल थांबले. मॅडम पुढे आल्या आणि सगळ्यांदेखत वाकून साहेबांच्या पाया पडल्या.

साहेबांचा हात सवयीने त्यांच्या डोक्यावर गेला. "विजयी भव!"

"वाट लागली!" गायकवाड माझ्या कानाशी म्हणाले. "आपलाच आशीर्वाद, आपल्यालाच भोवणार बघ!"

*

मतमोजणीला अकराव्या फेरीपर्यंत आम्ही पुढे होतो. पेढ्यांची ऑर्डरही गेली होती. गायकवाड हळूच माझ्या टेबलाशी आले.

"वैशाली, अभ्यासिकेचं पत्र दोनदा टाईप कर. एक साहेबांच्या नावाने, एक मॅडमच्या."

"काका! आपण पुढे आहोत ना?"

"आहोत. पण पार्किंगवाले थांबणार नाहीत. आणि हे तुझ्या-माझ्यात हं. साहेबांना कळलं तर वाईट वाटेल."

मी टाईप केलं, पण खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता. निकाल लागायच्या आधीच? गायकवाडांनी दोन्ही कागद घडी घालून पिशवीत ठेवले.

सोळाव्या फेरीत सीट गेली. दुपारपर्यंत सरकारही गेलं. पेढे वेळेवर आले, ते आम्हीच खाल्ले.

*

लोकांचे फोन काही थांबेनात. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय. गायकवाड प्रत्येकाला मॅडमच्या ऑफिसचा नंबर द्यायचे, वर "माझं नाव सांगा" म्हणायचे.

एकजण वैतागला. "काका, तुम्ही नक्की कोणाच्या पार्टीत?"

"सध्या तुझ्या नळाच्या!"

*

पंधरा दिवसांनी आम्ही फायली बांधत होतो, तेव्हा मॅडम स्वतः आल्या. "गायकवाड, तुमच्या वहीबद्दल फार ऐकलंय. मिळेल का?"

गायकवाडांनी साहेबांना घरी फोन लावला. साहेब म्हणाले, "देऊन टाका."

"उद्याचं पान आधी वाचा, मॅडम," एवढं बोलून गायकवाडांनी वही दिली. अभ्यासिकेचा शब्दही काढला नाही. मी खुणावत राहिले, मागायची वेळ हीच होती!

त्या पानावर होतं : 'साहेबांच्या मातोश्री. वर्षश्राद्ध. घरी, सकाळी नऊ. कामाचं बोलू नये.'

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मॅडम आल्या, एकट्याच. दार साहेबांनीच उघडलं. फोटोला हार होता. मॅडम सतरंजीवर बसल्या, हात जोडले, कामाचं काही बोलल्या नाहीत. गायकवाड मांडीवर पिशवी घेऊन माझ्या शेजारी बसले होते.

मॅडम निघायला उठल्या. साहेबांनी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं.

"गायकवाड," ते म्हणाले, "ते दुसरं पत्र काढा."