जवळची प्रत

आमच्या कामातला पहिला नियम असा, की जे जवळ मिळतं ते लांबून मागवायचं नाही. ॲपने आधी नेटवर्कला विचारावं, हव्या त्या फोटोची किंवा व्हिडिओची सगळ्यात जवळची प्रत कुठे आहे, आणि तिथूनच घ्यावी. असले नियम लिहीत मी परदेशात राहिलो. आई स्वतःहून कधी फोन करत नाही, म्हणून तिथे बसून रुसायचो.

परवा न कळवता घरी आलो. आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर मी दिवाळीत पाठवलेला व्हिडिओ चालू होता. त्यातला मी विचारत होतो, "आई, जेवलीस का?"

"जेवते रे, एवढी पोळी झाली की."

व्हिडिओ संपला. तिने पिठाच्या बोटाने तो पुन्हा लावला.

मी दारातून हाक मारली, "आई!"

"ऐकतेय रे," ती मोबाइलकडे बघत म्हणाली.