डाव्या पंखाचा कबुलीजबाब

आमच्या बोटीला पंख आहेत म्हटलं की लोक हसतात. पण आहेत. बोटीच्या पोटाखाली, पाण्यात बुडालेले, पोलादी. वेग आला की ते बोटीला वर उचलतात, पोट पाण्याबाहेर येतं आणि सगळे धक्के थांबतात. हे पंख सांभाळायचं काम तीस वर्षं फिटरकाकांकडे होतं. आज मी या बोटीची कप्तान आहे ती त्यांच्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर मला भरून येतं आणि सांगायचं राहून जातं.

काका बुटके, अबोल आणि कामात महाचिकट. पंखाची पुढची धार तपासायला त्यांच्याकडे काकूंचा एक जुना नायलॉनचा मोजा होता. तो हातात चढवून धारेवरून फिरवायचे. धागा अडकला की तिथे खाच. मग पुट्टी भरायची, घासायची आणि शेवटी पत्र्याचा फर्मा, म्हणजे धारेच्या आकाराचा साचा, लावून बघायचा. मधून उजेड दिसला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. "काका, पंखांची दाढी झाली का?" असं आम्ही शिकाऊ लोक विचारायचो. ते मान वर करत नसत.

कप्तानाच्या परवान्याची परीक्षा तीनदाच देता येते. मी दोनदा आपटले होते. या वेळी नापास झाले असते, तर जन्मभर धक्क्यावर दोर बांधत बसायचं होतं.

त्या सकाळी पाणी शांत होतं, बोट रिकामी, शेजारी परीक्षक. मी वेग दिला. बोट उठली ती डावीकडे कलून. सावरायला गेले तर धपकन खाली बसली. दुसऱ्यांदाही तेच. परीक्षकांचा चहा त्यांच्या पांढऱ्या पँटवर सांडला.

"हात जड आहे तुमचा," ते म्हणाले आणि त्यांनी वही काढली.

धक्क्यावर उतरले तर समोर काका. माझा राग नाकावरच असतो. "काय बघताय? तमाशा संपला, जा आता," मी सगळ्यांदेखत तोंड सोडलं. काका मला ओलांडून सरळ परीक्षकांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, हिला नापास करू नका. डावा पंख काल मी भरला. जेवणाची सुट्टी झाली, फर्मा लावायचा राहिला, आणि नंतर विसरलोच."

"लेखी द्याल? तुमच्या अंगाशी येईल."

"कागद द्या."

त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

बोट वर काढली. फर्मा लावला, तर मधून नख जाईल एवढी फट. चौथ्या दिवशी माझी परीक्षा पुन्हा झाली आणि बोट सरळ उठली. माझा जीव भांड्यात पडला. काकांना मात्र पंखांवरून काढून स्टोअरमध्ये नटबोल्ट वाटायला बसवलं. मी तिथे आभार मानायला गेले.

"आभार कसले गं? चूक मी केली, मग सांगायची कोणी?" एवढंच म्हणाले आणि पाने पुसत बसले.

गेल्या महिन्यात परवान्याच्या नूतनीकरणासाठी ऑफिसात गेले, तेव्हा माझ्या फायलीत त्यांचा तो कागद दिसला. वर चुकीबद्दल दोन ओळी. खाली, कुणी विचारलेलं नसताना, आणखी काही: "हिच्या आधीच्या दोन्ही परीक्षा मी धक्क्यावरून पाहिल्या आहेत. तेव्हा पंख चांगले होते, हात कच्चा होता. आता हात तयार आहे. पंख नीट करून हिला पुन्हा बसवावे."

मला तिथेच रडू फुटलं. कारकुनानं पाण्याचा ग्लास पुढे केला. सहीखाली तारीख होती आणि वेळही. मी त्यांच्यावर ओरडून तेव्हा दहा मिनिटंही झाली नव्हती.