दुसरीची जागा

अन्याय दोघींवर झाला. माझ्या आत्यावर आणि तिच्या वारलेल्या जोडीदारणीवर. आम्हाला कळलं यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मुरबाडच्या एसटी स्टँडमागच्या स्टुडिओत.

आत्या धवलेरी. हळदीपासून लग्न लागेपर्यंतची गाणी तिची. धवलेऱ्या दोघी बसतात. एकीने ओळ सोडायची, दुसरीने ती शेवटाकडून उचलायची, तेवढ्यात पहिलीने श्वास घ्यायचा. टोकावड्याची जोडीदारीण गेली, तेव्हापासून आत्या एकटीच गाते. पण प्रत्येक ओळीनंतर थांबते. दुसरीची ओळ होईल इतकं. आमच्या गावात तेवढा वेळ कोणी बोलत नाही.

स्टुडिओवाल्याने आत्याचा आवाज आधीच रेकॉर्ड करून घेतला होता. त्याचं त्याला 'निवांत गाणं' करायचं होतं, आणि त्या दुपारी ते ऐकायला बोलावलं होतं. खोटं कशाला बोलू, छान केलं त्याने. गिटार जेमतेम छेडलेली, खाली बेस, मागे कीबोर्डचा हलका सूर. आत्याचा आवाज इतका जवळ ठेवलेला की बांगड्या ऐकू येत होत्या. फक्त ती थांबायची तिथे कुठे पुढची ओळ ओढून जोडली होती, कुठे बासरी भरली होती.

मी विचारलं, "दादा, मधलं काय केलं?"

"रिकामं होतं ना ताई. तेवढ्यात लोक गाणं बदलतात."

"रिकामं नव्हतं ते."

"मग काय होतं? मला तर काय ऐकू आलं नाय."

आत्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ग्वाड झालंय गो. पन तिला बसाया जागाच नाय ठेवली."

ती जागा परत घाल म्हटलं, तर स्टुडिओवाला म्हणाला, कालच नेटवर टाकलंय.

आता शहापूर-मुरबाडात प्रत्येक हळदीला तेच वाजतं. वैशाखात किन्हवलीकडच्या एका मांडवात आत्याला मानाने बोलावलं. तिने एक ओळ म्हटली आणि थांबली.

मांडवातून कोणीतरी ओरडलं, "म्हातारी इसरली रं! लाव, लाव!"

डीजेवाल्याने रेकॉर्ड लावली. तिचाच आवाज, तिच्याच अंगावर. पोरं नाचायला लागली. आत्या पदर सावरून खाली बसली. त्यानंतर ती गायलेली नाही. भाकऱ्या थापतानासुद्धा नाही.

ते गाणं तुमच्याही फोनमध्ये असेल. काढून टाका. आणि घरी हळद असेल तेव्हा स्पीकर बंद करून धवलेरीला बसवा. ती ओळ सोडून थांबली, की गप्प राहा. तिथे काही वाजवू नका.