इंग्रजी टब आणि मूठभर औषध

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधीच जमलं नाही, त्याची माफी आधीच मागून टाकते. शाळा चौथीपर्यंतच. पण कमलवन्संच्या सासूबाई मानेच्या वर गोऱ्या आणि मानेच्या खाली तपकिरी अशा दोन रंगांत आमच्या न्हाणीघरातून बाहेर आल्या, एवढं लिहायला चौथी पुरते. चारचौघांत माझ्या तोंडून दोन वाक्यं धड निघत नाहीत, म्हणून ही वही. ती तांदळाच्या डब्यामागे असते.

यांची नागपूरहून कलकत्त्याला बदली झाली आणि गार्डन रीचला रेल्वेचा अर्धा बंगला आम्हांला मिळाला. दुसऱ्या अर्ध्यात घोषबाबू आणि त्यांची बायको. तिला सगळे बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत, म्हणून मीही. आमच्या अर्ध्यात आम्ही दोघं, सासूबाई, कमलवन्सं आणि टब. हो, टब घरातल्या माणसांतच मोजायचा! पूर्वीच्या कोणा गोऱ्या साहेबाने मागे ठेवलेला, पांढराशुभ्र, लांबलचक, आणि त्याला सिंहाचे चार पाय. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला लांबून नमस्कार केला. सिंह दिसला की त्यांना देवी आठवते.

पहिला महिनाभर आम्ही त्यात कोळसा ठेवला. मग इथल्या दमट हवेने सासूबाईंचे गुडघे धरले आणि डॉक्टरांनी सांगितलं, "रोज अर्धा तास गरम पाण्यात बसवा." कोळसा निघाला, टब घासला आणि नागपूरहून आणलेला तांब्याचा बंब पेटला.

टब भरायला बावीस बादल्या लागत. बावीस बादल्या रोज तापवून रोज ओतून द्यायच्या तर यांचा अर्धा पगार बंबाने खाल्ला असता. म्हणून मी ठरवलं, भरलेलं पाणी तीन दिवस ठेवायचं, रोज चार बादल्या काढून चार कढत बादल्या घालायच्या. आता गरम पाणी साठवलं की ते बिघडतं, आणि गार पाण्यापेक्षा लवकर बिघडतं, हे समजायला शाळा लागत नाही, नाक लागतं. तेव्हा माझे नियम होते. आधी बाहेर साबणाने अंग धुवायचं, मगच टबात पाय. टबात साबण नाही. अंगाला तेल नाही. रोज सकाळी जुना पंचा धरून वरचा तवंग काढायचा, तिसऱ्या दिवशी टब रिकामा करून सोड्याने घासायचा.

"गंगा दोन फर्लांगांवर वाहते," सासूबाई म्हणाल्या. "लाखो माणसं बुड्या मारतात. तिला कोण नियम घालतं गं?"

(गंगा वाहते, टब वाहत नाही! हे मी मनात म्हटलं. माझी सगळी चांगली उत्तरं मनातच असतात.)

नियमांवर शेवटचा शिक्का म्हणजे औषध. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने पोटॅशचे काळसर जांभळे खडे दिले आणि म्हणाला, "एक चिमूट. जास्त नाही." चिमूटभर आधी तांब्यात विरघळवायचं आणि मग टबात ओतायचं. पाणी फिकट गुलाबी होई. तो गुलाबी रंग टिकला तर पाणी स्वच्छ. पाहता पाहता मातकट झाला तर पाण्यात घाण आहे, किंवा सासूबाईंनी चोरून तिळाचं तेल लावलं आहे!

"आई, आज तेल लावलंत?"

"नाही बाई."

मी टबाकडे बघायची. टब मातकट. सासूबाई माझ्याकडे बघायच्या. "थोडंसं," त्या म्हणायच्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि सासूची लबाडी पकडणारं औषध मला आत्ता सापडलं होतं! पाण्याच्या बाबतीत मी कोणाला ऐकणार नाही असा माझा आब वाढला. बौदीसुद्धा येऊन टबात डोकावून गेली आणि म्हणाली, "दीदी, आपका पानी तो हमारे पीने के पानी से भी साफ है!"

आता कमलवन्संचं सांगते. बाविसावं लागलं होतं. रंग सावळा, स्वभाव सोन्यासारखा. पण स्वभाव कांदेपोह्यांच्या बशीत दिसत नाही, रंग दिसतो. दोन ठिकाणांहून नकार आला होता. कलकत्त्यात मराठी घरं ती किती आणि त्यांत लग्नाची मुलं ती किती! आणि अशात मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला सासूबाईंना बराकपूरच्या काकू भेटल्या. काकूंचा मुलगा वसंत छावणीच्या हिशेबखात्यात नोकरीला, काकू त्याचं घर सांभाळायला आलेल्या, काकूंचे यजमान नागपूरला. काकू इतक्या गोऱ्या की मंडळात त्या आल्या की दिवा लावायला नको.

त्यांचं पत्र आलं. हे मोठ्याने वाचत होते. "रविवारी मुलगी बघायला येऊ. मुलगी रंगाने उजळ असावी एवढीच आमची अपेक्षा. ता. क. आपल्याकडे इंग्रजी टब असल्याचं आपल्या मातोश्रींकडून कळलं. आमचेही गुडघे दुखतात."

कमलवन्सं उठून आत गेल्या. हे म्हणाले, "रंगाचं आपल्या हातात नाही. टबाचं आहे. टब नीट ठेव."

यांनी मला काम सांगितलं आणि ते करायचं म्हणजे जिवाचं रान करायचं, हा माझा रोग. रविवारी पहाटेच टब सोड्याने दोनदा घासला. बावीस बादल्या ताज्या भरल्या. चिमूटभर औषध हातात घेतलं आणि मनात आलं, पाहुणी एवढी मोठी आणि औषध एवढंसं? आमच्या गावी पटकीच्या दिवसांत सरकारी माणूस यायचा आणि हेच लाल औषध विहिरीत टाकायचा. चांगल्या दोन मुठी! गावात कोणाला काही झालं नाही. मग दोन मुठींना अख्खी विहीर, तर एका टबाला किती? हे गणित त्रैराशिकाचं. त्रैराशिक पाचवीत होतं. मला चौथीतूनच काढलं.

मी एक मूठ टाकली.

तांब्यात विरघळवायलाही वेळ नव्हता, कारण दारात रिक्षा थांबली. खडे तळाला जाऊन गुपचूप बसले. वर पाणी छान गुलाबी. न्हाणीघराच्या काचांना लढाईच्या वेळी बाँबच्या भीतीने फासलेला काळा रंग अजून तसाच होता, त्यामुळे आत भर सकाळीही संध्याकाळ असे. मी एकदा वाकून पाहिलं आणि समाधानाने दार ओढून घेतलं.

काकू आल्या त्याच कंबर धरून, मागे वसंतराव. "बराकपूरहून शियालदा, शियालद्याहून इथवर! हाडं मोजून घ्या हो माझी. मुलगी नंतर बघू, आधी टब!"

मी त्यांना माझं जुनं लुगडं दिलं. आतून आवाज आला, "अगंबाई, गुलाबपाणी! केवढा हा खर्च!" आणि मग एक लांब सुस्कारा. बाहेर सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. हे वसंतरावांना चहा देत होते. मी आयुष्यात एवढी ताठ कधी उभी राहिले नव्हते.

दहा मिनिटांनी आवाज आला, "सूनबाई, खाली काहीतरी खडे टोचतायत हो."

"औषध आहे. हलवा थोडं पाय!" मी दाराला तोंड लावून म्हटलं. परक्या माणसाला मी आपणहून दिलेला हा आयुष्यातला पहिला सल्ला.

काकूंनी पाय हलवले. चांगले हलवले. वर आणखी वीस मिनिटं बसल्या.

मग काकू बाहेर उजेडात आल्या. चेहरा तसाच, दुधासारखा. मानेपासून खाली मात्र हातांची बोटं, नखं, पावलं, सगळं जुन्या चामड्याच्या चपलेसारखं तपकिरी. लुगड्याचं तर नावच नको. काकूंनी स्वतःचा हात समोर धरला आणि विचारलं, "हा कोणाचा?"

सासूबाई म्हणाल्या, "तुमचाच असावा."

मग जो गोंधळ झाला! मी साबण लावला, रंग हलेना. सोडा लावला, काकू ओरडल्या. "मला माझा रंग परत द्या!" हे न्हाणीघरात जाऊन टब बघून आले आणि एवढंच म्हणाले, "यात शाई ओतलीस?" मी पदर तोंडाला लावला. कमलवन्संचं तिसरं ठिकाण माझ्या मुठीत होतं आणि ती मूठ मी टबात उघडली होती.

आवाज ऐकून बौदी आली. तिने काकूंना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग मला. "ओ मा! पोटाश? कितना डाला?"

मी मूठ दाखवली.

"लेबू!" बौदी म्हणाली. "लेबू घिसो, दाग जायेगा!" माझ्याकडे लिंबं होती दोन. तीही पोह्यांसाठी. बौदीने स्वतःचे तीन रुपये काढले, घोषबाबूंना बाजारात पिटाळलं आणि ते पोतंभर लिंबं घेऊन आले.

आता घासणार कोण? मला तर काकू जवळ येऊ देईनात. सासूबाई देवापाशी. तेवढ्यात कमलवन्सं बाहेर आल्या, मुलीला दाखवायला बसवतात तशा नटलेल्या, अंगावर नवी साडी. त्यांनी पदर खोचला, काकूंसमोर पाट मांडला आणि अर्धं लिंबू उचललं.

"काकू, हात द्या."

"जाईल का गं?"

"जाईल. दुखलं तर सांगा."

दोन तास! एकेक बोट, एकेक नख. काकू आधी रडत होत्या, मग गुडघ्यांचं सांगत होत्या, मग नागपूरच्या घराचं, मग यजमान पत्राला उत्तर देत नाहीत त्याचं. कमलवन्सं घासत होत्या आणि "हं, मग?" म्हणत होत्या. दोन तासांनी काकू तपकिरीच्या गव्हाळ झाल्या. वसंतराव दारात उभे राहून बघत होते. शेवटी त्यांना हसू आवरेना.

"आई, मुलीचा रंग बघायचा होता ना? बघ. आज तुझ्यापेक्षा उजळ आहे!"

काकूंनी स्वतःचा हात कमलवन्संच्या हातावर ठेवला. खरंच, त्यांचाच गडद होता. काकूंनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"रंगाचं काय घेऊन बसलायस," त्या वसंतरावांवर खेकसल्या. "लिंबाने जातो तो. मुलीचा हात बघ किती हलका आहे. मला पसंत आहे. आता पोहे आणा, भुकेने जीव चाललाय." मग माझ्याकडे वळल्या. "मात्र लग्नघरात पाण्याला तुम्ही हात लावायचा नाही!"

लग्नात मला अक्षता वाटायचं काम दिलं होतं.

टबाच्या तळाला तो तपकिरी डाग कायमचा राहिला. सासूबाई त्यावर पाट ठेवून बसत. औषधाची पुडी यांनी स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली आणि रोज एक चिमूट मोजून मला देत, देवळातल्या अंगाऱ्यासारखी.

राहिले बौदीचे तीन रुपये. ते मी यांना सांगितलेच नाहीत. घरखर्चातून दर शनिवारी चार आणे वाचवून गुपचूप देत गेले. एका शनिवारी चार आणे दिले तर बौदी हसायला लागली.

"दीदी, तीन रुपये तो पिछले हफ्ते ही पूरे हो गये!"

मी घरी येऊन बोटांवर मोजलं. चार आण्यांप्रमाणे तीन रुपये म्हणजे बारा आठवडे. मी तेरा भरले होते. मुठीचं सगळं खापर मी आजवर पाचवीच्या त्रैराशिकावर फोडत आले. पण भागाकार तर चौथीतच होता!