दीपमाला आणि जुना कर्नल

दीपमाला माझी कॉलेजातली मैत्रीण. आम्ही दोघी मराठी घेऊन बी.ए. झालो. मी पुढे एम.ए. केलं. ती घरी परतली. घर म्हणजे कसबा पेठेतली तांबट आळी, आणि घराच्या खाली वडिलांचा कारखाना.

कारखाना हा शब्द मोठा आहे. एक लांबट खोली. पुढे शटर, मागे भट्टी, मध्ये तांब्याचे पत्रे आणि ठोकायला बसायची जागा. तिचे वडील दत्तोबा. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हंडा, घंगाळ, बंब, जे काही तांब्याचं असेल ते अण्णा हातोडीने ठोकून घडवतात. ठोक्यांच्या त्या नक्षीला मठार म्हणतात. ते ठोके ऐकून ऐकून त्यांना आता दुसरं फारसं ऐकू येत नाही. त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि तेही ओरडूनच बोलतात.

मुलींनी हातोडी धरायची नाही, असं दीपमालाला कोणी कधी सांगितलं नव्हतं. कोणी तिच्या हातात दिलीही नव्हती.

तिने आपली वेगळी वाट काढली. थ्रीडी सॉफ्टवेअर शिकली, यूट्यूबवर बघून. अण्णा घडवतील ते भांडं ती आधी स्क्रीनवर घडवायची. एकेक मठार काढायची. अण्णा चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावत.

"हा ठोका इथं पडत नसतो!"

"मग कुठं पडतो?"

"हात जाईल तिथं पडतो. तुझ्या यंत्राला हात आहे का?"

ती निमूटपणे ठोका हलवायची. मग अण्णा मान डोलवायचे. मला वाटतं, बापलेकीचं खरं बोलणं तेवढंच होतं.

लॅपटॉप जुना होता. बुधवार पेठेतून सेकंडहँड घेतलेला. आधीचा मालक गेम खेळणारा असावा, कारण त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. स्क्रीनवरचं चित्र झरझर फिरवायचं काम ते कार्ड करतं. विंडोज त्या लॅपटॉपला झेपेनासं झालं तेव्हा दीपमालाने त्यावर लिनक्स टाकलं. ते फुकट असतं आणि जुन्या यंत्रावरही चालतं. चाललंही, बरीच वर्षं.

या दिवाळीनंतर बिबवेवाडीच्या एका इंटिरियर डिझायनरने तिला बोलावलं. त्याचं नाव पुष्कर. एका हॉटेलच्या छताला तांब्याचे दिवे लावायचे होते, सगळं छत भरून. हातघडाईचेच हवे होते. अण्णांना वर्षभर पुरेल एवढं काम.

"मला फोटो नकोत," पुष्कर म्हणाला. "व्हिडिओपण नको. दिवा माझ्यासमोर फिरवून दाखवा. मी सांगेन तिथे बल्ब सरकवा, उजेड छतावर कसा पडतो ते बघायचंय मला. गुरुवारी या."

इकडे अण्णांचं काम कमी कमी होत चाललं होतं. शेजारच्या मोबाइल कव्हरवाल्याला गोडाऊन हवं होतं. अण्णांनी त्याला सांगितलं, गुरुवारपर्यंत थांब. हे काम मिळालं तर कारखाना राहील. नाही मिळालं तर किल्ली तुझी. अण्णा ओरडून बोलले, त्यामुळे सगळ्या आळीला कळलं.

पुष्करने हॉटेलच्या छताची फाइल पाठवली. ती दीपमालाकडे उघडेना. फाइल त्याच थ्रीडी सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत केलेली होती. नवी आवृत्ती टाकायला गेली तर लिनक्सच जुनं निघालं. म्हणून तिने अख्खं लिनक्स अपडेट केलं.

छताची फाइल उघडली. पण तिने स्क्रीनवर घडवलेला दिवा त्यात फिरेना. फिरायचा, पण धक्के खात. माउस हलवला की बऱ्याच वेळाने दिवा एक गचका द्यायचा आणि अडकायचा.

तिने मला फोन केला. मी गेले.

"कार्ड आहे, पण लॅपटॉपला ते दिसत नाही," ती म्हणाली. "दोघांची गाठ घालून देणारा एक प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. तो नव्या लिनक्सवर चढत नाहीये."

"मग परत चढव."

"तेच तर करतेय."

लॅपटॉपचं इंटरनेटही मध्येच जात होतं. म्हणून मी मोबाइलवर वाचत बसले आणि ती टाइप करत बसली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी अक्षरं सांगत होते, मधली रेघ सांगत होते, जागा सोड म्हणत होते. ती एंटर दाबायची. पांढऱ्या ओळी भराभर वर जायच्या. शेवटी चूक सांगणारी एक लाल ओळ यायची. एकदा लॅपटॉप बंद करून चालू केला तर स्क्रीन पूर्ण काळी. वरच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही. त्यातून बाहेर यायलाच आमची अर्धी दुपार गेली.

अण्णा जिन्यातून डोकावले. "झालं का ग?"

"होतंय!"

"काय?"

"होतंय म्हटलं, अण्णा!"

मग तिने हात थांबवले. थोडा विचार केला.

"जुनं काहीतरी आत राहिलंय," ती म्हणाली. "म्हणून नवं धरत नाहीये."

तिच्या घरात कल्हईही होते. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, ती कल्हई. लोक जुनी भांडी घेऊन येतात. कल्हई करायच्या आधी आतली जुनी कल्हई खरवडून, घासून पूर्ण काढायची. कण राहिला तर नवी तिथे धरत नाही आणि भांडं आठवड्यात काळं पडतं. हे काम तिच्याकडेच असायचं, शाळेत असल्यापासून. भांडं घासून अण्णांसमोर ठेवायचं. अण्णा आतून बोट फिरवायचे आणि पुष्कळदा परत पाठवायचे.

तिने तसंच केलं. जुन्या ड्रायव्हरच्या सगळ्या फायली काढल्या. इंटरनेटवरून उतरवून ठेवलेली जुनी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, तीही काढली. जुना कर्नलही काढला. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. अपडेट झाल्यावर नवा गाभा येतो, पण जुनाही मागे ठेवलेला असतो. तो कशासाठी ठेवतात ते तिला नीट माहीत नव्हतं. जागा अडवून बसलाय, एवढंच तिला दिसलं. लॅपटॉपने विचारलं, खरंच काढायचा का? तिने हो म्हटलं.

"आता कसं, चकचकीत," ती म्हणाली. त्या दिवसात ती तेवढी एकदाच हसली.

मग तिने ड्रायव्हर पुन्हा चढवायला घेतला. तीच लाल ओळ आली.

सकाळी तिने इंटरनेटवरच्या एका फोरमवर सगळा प्रकार लिहून टाकला होता. त्याला उत्तर आलं. मी मोबाइलवरून मोठ्याने वाचलं. लिहिणारा कोण, कुठला, काही माहीत नाही. त्याने लिहिलं होतं की हे कार्ड फार जुनं आहे. त्याचा ड्रायव्हर बनवणं कंपनीने केव्हाच थांबवलं, त्यामुळे नव्या कर्नलवर तो कधीच चालणार नाही. पण काळजी करू नका. अपडेट झालेल्या लिनक्समध्ये तुमचा जुना कर्नल आणि त्यावर बसलेला ड्रायव्हर तसाच असेल. लॅपटॉप सुरू करताना यादीतून जुना कर्नल निवडा. सगळं चालेल.

शेवटी त्याने एक हसरा चेहरा टाकला होता.

"परत वाच," दीपमाला म्हणाली.

मी परत वाचलं.

तिने लॅपटॉप मिटला. "मीच काढला गं तो. माझ्या हाताने."

तिने तो कर्नल कुठल्याशा जुन्या साठ्यातून शोधून परत बसवला. तो सुरूही झाला. पण त्यावर ड्रायव्हर बसेना, कारण तो जुळवून बसवणारे प्रोग्राम आता नवे झाले होते. ते जुन्याला जुळत नव्हते. जुनं लिनक्स पहिल्यापासून टाकावं, तर त्यावर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालत नाही. मग पुष्करची फाइल उघडत नाही. ती मला हे समजावत होती आणि समजावता समजावता तिचा आवाज बारीक होत गेला.

आम्ही लॅपटॉप घेऊन बुधवार पेठेत गेलो. तिथे ऋषीचं दुकान आहे, दुरुस्तीचं. त्याने लॅपटॉप उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"ताई, याला दुरुस्तीला कशाला आणलंत? याचा सत्कार करा."

"गुरुवारच्या आत होईल का?"

"कार्ड चांगलं आहे. यंत्र चांगलं आहे. त्यात होतं तेही चांगलंच होतं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "काढलं कुणी?"

"मी."

त्याने लॅपटॉप मिटून तिच्या हातात दिला. पुणेरी दुकानदार गप्प बसला की समजावं.

माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये असं कार्डच नाही. तिच्या मावसभावाकडे आहे, पण कंपनीने त्यावर काहीही टाकायला बंदी केली आहे. एका सायबर कॅफेत गेलो. तिथला मुलगा म्हणाला, इथे फक्त प्रिंट निघतात.

गुरुवारी आम्ही रिक्षाने बिबवेवाडीला गेलो. अण्णांनी एक दिवा घडवून दिला होता. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून तिने तो मांडीवर घेतला होता. लॅपटॉप माझ्याकडे होता.

पुष्करने दिवा हातात घेतला. बराच वेळ बघत राहिला. "काम सुंदर आहे तुमच्या वडिलांचं," तो म्हणाला, आणि ते खरं बोलला. मग म्हणाला, "आता स्क्रीनवर दाखवा."

तिने दाखवलं. दिव्याने गचका दिला आणि तो अडकला. तिने बल्ब सरकवला. छतावरचा उजेड होता तिथेच राहिला. आम्ही तिघे थांबलो. उजेड तुकड्यातुकड्याने हलायला लागला आणि स्क्रीन काळी झाली.

"हरकत नाही हो," पुष्कर म्हणाला. "आपण फाइल द्या ना. आमचं मशीन बाहेरच आहे. दोन मिनिटांत उघडू."

मला सुटल्यासारखं झालं. पेनड्राइव्ह तिच्या पर्समध्ये होता. दिव्याची फाइल त्यात होती. मी तिच्याकडे बघितलं.

तिने पर्सवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

"नमुना आम्ही बाहेर देत नाही," ती म्हणाली. "काम पक्कं होईपर्यंत."

आळीत तशी पद्धत आहे. काम पक्कं झाल्याशिवाय नमुना परक्याच्या घरी ठेवायचा नाही. ठेवला की दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या ऐरणीवर तोच घाट दिसतो. अण्णांचे वडील तसे वागले, अण्णाही तसेच. दाखवायला आणलेला दिवा ती परत घेऊन जाणारच होती.

पुष्कर जरा हसला. "अहो, फाइल आहे ती. मला समोर उघडायचीय फक्त."

"कळतंय मला. पण नाही."

"दुसऱ्या पार्टीने तर माझ्या मोबाइलवर पाठवलीय."

ती दिवा धोतराच्या तुकड्यात गुंडाळायला लागली. पुष्करने घड्याळ बघितलं आणि आम्हाला चहा सांगितला. चहा आला तोवर तो फोनवर त्या दुसऱ्या पार्टीशी बोलत होता. आम्ही चहा प्यायलो आणि निघालो.

जिना उतरताना मी म्हटलं, "का नाही दिलीस?"

"अण्णांनी दिली नसती."

"अगं, पण..."

"हातोडी नाही धरली मी कधी. निदान हे तरी पाळायला नको का?"

मी रिक्षाला हात केला.

कारखान्यात अण्णा पत्रा कापत बसले होते. तिने त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. कर्नल, ड्रायव्हर त्यांना समजलं नसेल. पुष्करने फाइल मागितली आणि तिने दिली नाही, एवढं समजलं. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील.

"द्यायचीस की," अण्णा म्हणाले. ते पहिल्यांदाच हळू बोलले. "आता आपला नमुना चोरायला आहे कोण? आळीत ठोकणारी माणसं उरली किती?"

दीपमाला तिथेच खाली बसली. रडली नाही. मला वाटलं होतं, रडेल.

अण्णांनी कात्री बाजूला ठेवली. शटरपाशी जाऊन शेजारच्या दुकानाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. कव्हरवाला आला. त्याच्या हातात मोजमापाची टेप होती. आधीपासूनच खिशात असणार.

"मागचं आधी मोकळं करा, काका," तो म्हणाला. "माल उद्याच येतोय."

दीपमाला उठली. फळीवरचे हंडे एकेक करून खाली घ्यायला लागली. तिच्या हाताला वेग नव्हता, पण ती थांबतही नव्हती. मीही एक उचलला. फार जड होता. कुठे ठेवू ते कळेना, म्हणून तसाच धरून उभी राहिले.